टीममध्ये चूक झाली, तर लीडरने आधी काय विचारायचं?

कॉलेजच्या ॲप प्रोजेक्टमध्ये मी टीम लीडर होतो. एका मित्राने स्वतःहून सांगितलं की त्याच्या कोडमध्ये बग आहे. मी त्याला ग्रुपवर सगळ्यांसमोर झापलं. त्यानंतर मला कोणीच बग सांगेना. डेमोच्या दिवशी सरांसमोर ॲप बंद पडलं!

मोठ्या कंपन्यांतही हेच होतं. मायक्रोसॉफ्टमध्ये पूर्वी 'स्टॅक रँकिंग' होतं. म्हणजे टीममधले सगळे कितीही हुशार असले, तरी काही जणांना कमी रेटिंग द्यायचंच. मग शेजारच्याला मदत कोण करणार? तो पुढे गेला की आपण मागे! नोव्हेंबर २०१३ मध्ये कंपनीने ही पद्धत बंद केली.

फेब्रुवारी २०१४ मध्ये सत्या नाडेला सीईओ झाले. 'मला सगळं येतं' म्हणणाऱ्यांपेक्षा 'मी शिकतो' म्हणणारे लोक हवेत, यावर त्यांनी भर दिला. मार्च २०१६ मध्ये त्याची परीक्षा झाली. कंपनीचा 'टे' हा चॅटबॉट ट्विटरवर आला, लोकांनी त्याला मुद्दाम घाणेरडं बोलायला शिकवलं आणि साधारण दिवसभरातच तो बंद करावा लागला. तेव्हा नाडेलांनी टीमला मेल केला: मी तुमच्यासोबत आहे, यातून शिका आणि काम चालू ठेवा.

पुढच्या प्रोजेक्टला मीही 'कोणी केलं?' सोडून 'कसं झालं?' विचारायला लागलो. बग काही कमी झाले नाहीत. पण ते डेमोच्या आधी कळायला लागले.