दोन फुटांचा एक सेंटीमीटर: आराशीतला पेट्रोल पंप



गणपती आणि महालक्ष्म्या जवळ आल्या की बचत गटांकडे आराशीची कामं यायला लागतात. मखर, पडदे, कागदी फुलांच्या माळा आपण वर्षानुवर्षं करतो. गेल्या वर्षी मात्र आमच्या गटाकडे वेगळंच काम आलं. तालुक्याच्या गावातल्या एका मंडळाने सेलवर चालणारी झुकझुक गाडी आणून दिली आणि सांगितलं, "हिच्याभोवती आपल्या भागातलं गाव उभं करा. स्टेशन, कांद्याची चाळ, द्राक्षाचा मळा आणि हायवेवरचा पेट्रोल पंप." आम्ही आगाऊ पैसे घेतले, सामान आणलं आणि कामाला लागलो.

चाळ आणि मळा झटक्यात झाले, कारण ते आमच्या डोळ्यांसमोरचे. पंपाशी मात्र आम्ही फसलो. बुटाच्या खोक्याचं झाकण छत म्हणून लावलं, काड्यापेट्या उभ्या करून मशीन केली, वर लाल-निळा रंग दिला. सुटा पाहिला तर छान दिसत होता. गाडीशेजारी ठेवला आणि सगळ्याजणी गप्प झाल्या. पंपापुढे गाडी मुंगीएवढी दिसत होती. मंडळाची मुलं बघायला आली, तीही हसली. आठ दिवस उरले होते आणि आगाऊ घेतलेले पैसे सामानात गेले होते.

चूक रंगात नव्हती, हाताच्या कामातही नव्हती. चूक मापात होती.

गटातल्या एक मावशी शिवणकाम करतात. त्या म्हणाल्या, "बाई समोर न बसवता झंपर बेतला तर असंच होणार." मग आम्ही गाडीच समोर बसवली. डब्याचा दरवाजा मोजला, तो 3 सेंटीमीटर भरला. खऱ्या डब्याचा दरवाजा साधारण सहा फूट उंच असतो. म्हणजे खऱ्या दोन फुटांना आपला एक सेंटीमीटर. हा हिशोब कोणालाही तोंडी करता येतो. पाच फुटांची बाई अडीच सेंटीमीटर. आमची काड्यापेटी उभी पाच सेंटीमीटर, म्हणजे दहा फूट उंच मशीन! आणि बुटाच्या खोक्याचं तीस सेंटीमीटरचं झाकण म्हणजे साठ फुटांचं छत.

हे माप धरण्याचं काम मोठमोठे लोकही करतात. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं छोट्या रेल्वेंचं संग्रहालय आहे. 1 एप्रिल 1998 रोजी ते सुरू झालं. तिथल्या छोट्या शहरात गाड्या धावतात, सिग्नल बदलतात, दिव्यांचे खांब उजळतात. तिथलं माप सत्त्याऐंशीला एक, म्हणजे पाच फुटांचा माणूस पावणेदोन सेंटीमीटर. जगभरच्या हौशी लोकांत हेच माप सगळ्यात जास्त चालतं. बाजारातली खेळण्याची गाडी मात्र अशा ठरावीक मापाची असेलच असं नाही. म्हणून दरवाजा मोजायचा आणि आपलं माप आपण काढायचं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फाट्यावरच्या पंपावर गेलो. मॅनेजरना विचारून, मशीनपासून लांब उभं राहून, पावलांनी अंतरं मोजली आणि वहीत लिहिली. छताखालून भरलेला ट्रक जायला हवा, म्हणून ते साधारण अठरा फूट उंच. आपलं नऊ सेंटीमीटर. छत तीस फूट लांब आणि वीस फूट रुंद, म्हणजे पंधरा बाय दहा सेंटीमीटर. मशीन सहा-सात फूट, म्हणजे तीन ते साडेतीन सेंटीमीटर.

आता बांधणी सांगतो. 2018 पासून आपल्या राज्यात थर्माकोलच्या सजावटीला बंदी आहे, म्हणून सगळं काम पुठ्ठ्याचं. आधी जमिनीचा पुठ्ठा कापा आणि गाडीशेजारी, रस्त्याच्या बाजूला ठेवून बघा. वाहन आत यायला एक वाट, बाहेर जायला दुसरी. खेळण्यातला ट्रक हाताने फिरवून पाहा. वळला नाही तर आत्ताच जागा वाढवा, नंतर जमत नाही. ट्रकही मापातलाच घ्या, त्याच्या दारावरून कळतं.

छताला जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद दुहेरी चिकटवा. खांबांना रिकाम्या बॉलपेनच्या नळ्या. मशीन पुठ्ठ्याच्या पट्ट्या एकावर एक चिकटवून करा आणि त्याखाली दोन-तीन मिलिमीटर उंचीचा चौथरा द्या. पाइपला काळा दोरा फेव्हिकॉलमध्ये बुडवून, वळण देऊन वाळवा. नुसता दोरा लोंबतो, वाळवलेला दोरा पाइपसारखा बाक धरतो. जमिनीला बारीक पॉलिश पेपर किंवा चाळलेली राख फेव्हिकॉलमध्ये कालवून लावा.

इथपर्यंत नुसता सांगाडा झाला. तो पंप वाटतो बारकाव्यांमुळे, आणि बारकावे बघितल्याशिवाय येत नाहीत. पंपाच्या कडेला उंच बारीक नळ्या उभ्या असतात, आम्ही इतकी वर्षं त्या पाहिल्याच नव्हत्या. पेट्रोलच्या टाक्या जमिनीखाली असतात. टँकर टाकीत तेल ओततो तेव्हा आतली हवा आणि वाफ बाहेर पडायला वाट लागते, ती या नळ्यांची. वाफ माणसांच्या डोक्यावरून निघून जावी म्हणून त्या तेरा-चौदा फूट उंच असतात. आपण खराट्याचे हीर सात सेंटीमीटर कापून उभे केले. टाक्यांची गोल झाकणं जमिनीवर काढली. लाल मण्यांच्या वाळूच्या बादल्या टांगल्या, भावाचा फलक लावला, हवा भरायची जागा केली. त्या पंपावर मशीनवर दोन मुली कामाला होत्या, म्हणून आमच्या शाडूच्या माणसांतही दोन मुली.

शेवटी डाग. नवा कोरा पंप खोटा दिसतो. मशीनखाली तेलाचे थेंब, तिथे काजळाचं बोट. चाकांच्या वाटेवर चहाच्या चोथ्याचं पाणी. थोडंच लावा, पुसता येत नाही.

एक चूक टाळा. काहीजणी गाडीचा रूळ थेट पंपात नेतात. पंपावर तेल रेल्वेने येत नाही, टँकरने येतं. आपल्या जिल्ह्यात मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथे टँकर भरतात आणि गावोगावच्या पंपांवर जातात. रूळ दाखवायचाच असेल तर डेपो वेगळा करा आणि पंपापर्यंत रस्ता दाखवा.

पंप होत आला तेव्हा पिंपळगावला भाजी घेऊन जाणाऱ्या एक आजी बघायला आल्या. दोन्ही बाजूंनी निरखून म्हणाल्या, "समदं केलं, पण बाईमाणसानं जायचं कुठं?" आम्ही स्वच्छतागृह विसरलो होतो! वहीतही लिहिलं नव्हतं. पहाटे चारला टेम्पोत बसणाऱ्या बाईला पंप म्हणजे काय, ते आजींना ठाऊक होतं. त्यांनी सांगितलं, वाटेतल्या एका पंपावर कायम कुलूप असतं, म्हणून त्या निघण्याआधी पाणीच पीत नाहीत.

मैत्रिणींनो, हे ऐकून आम्ही माहिती काढली, ती तुम्हालाही सांगतो. स्वच्छतागृह, पिण्याचं पाणी, चाकात हवा आणि प्रथमोपचार पेटी या सोयी पंपावर मोफत द्यायच्या, असा तेल कंपन्यांचा नियम आहे. पंपावर तक्रार वही असते आणि कंपनीच्या अधिकाऱ्याचा नंबर फलकावर असतो. तेल कमी मिळतंय असं वाटलं तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून मागता येतं. किल्ली मागायला लाजायचं नाही.

आम्ही ऑफिसमागे चार सेंटीमीटर उंच स्वच्छतागृह बांधलं. दार उघडं ठेवलं. बाहेर 'महिला' अशी पाटी लावली आणि पाण्याची टाकी वर बसवली. मंडळाच्या मुलांनी या वेळी पंप हातात घेऊन बघितला, गाडीशेजारी ठेवला आणि ठरलेले उरलेले पैसे दिले. दर्शनाला आलेल्या बायका गाडीपेक्षा त्या पाटीपाशी जास्त थांबल्या. दोघीतिघींनी विचारलं, हे खरंच फुकट असतं का? आजींनीही नंतर त्या पंपावर किल्ली मागितली. पहिल्या दिवशी मिळाली नाही, वहीत लिहून आल्यावर मिळाली.

तुमच्या गटाला आराशीचं काम आलं तर आधी गाडीचा दरवाजा मोजा. मग वही घेऊन जवळच्या पंपावर जा, दोघीजणी मिळून. जे दिसतं ते लिहा, आणि तिथे काय असायला हवं होतं तेही लिहा.