उंचावर गोळी लांब का जाते? गैरसमज आणि वस्तुस्थिती

उंच डोंगरावर रायफलची गोळी सपाटीपेक्षा लांब जाते, हे खरं आहे. पण का, असं विचारलं की बहुतेकदा गुरुत्वाकर्षणाचं नाव पुढे येतं: वर गेलं की पृथ्वीची ओढ कमी होते, म्हणून गोळी उशिरा खाली येते. हे उत्तर पटण्यासारखं वाटतं, पण आकडे त्याला साथ देत नाहीत. कारगिलमधल्या टायगर हिलची उंची सुमारे ५,००० मीटर. पृथ्वीच्या जवळपास ६,३७० किलोमीटर त्रिज्येपुढे हे पाच किलोमीटर नगण्य असल्यामुळे तिथे गुरुत्वाकर्षण समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम ०.१६ टक्क्यानं कमी भरतं. हवेची घनता मात्र तेवढ्याच उंचीवर तब्बल ४० टक्क्यांनी घटते. म्हणजे जे काही घडतं ते हवेमुळे. उंची, तापमान, दाब आणि दमटपणा या सगळ्यांचा हवेतून गोळीच्या मार्गावर होणारा परिणाम मुख्यतः या एकाच घनतेत येऊन मिसळतो.

एक उदाहरण घेऊ. गोळी सेकंदाला सुमारे ८०० मीटर वेगानं नळीतून सुटली आणि वाटेत हवाच नसेल, तर ८०० मीटरवरचं लक्ष्य ती एका सेकंदात गाठेल आणि तेवढ्या वेळात ४.९ मीटर खाली येईल. समुद्रसपाटीच्या हवेत मात्र ७.६२ मिमीच्या नेमबाजीच्या चांगल्या गोळीला हेच अंतर कापायला साधारण १.४ सेकंद लागतात आणि ती आठ मीटरच्या आसपास खाली येते. मधला फरक हवेच्या रोधाचा. पाच हजार मीटरवर रोध घटतो, वेळ वाचतो आणि गोळी सव्वासहा मीटरच्या आसपासच उतरते. त्यामुळे सपाटीवर बसवलेली दुर्बीण तशीच ठेवून वर नेम धरला, तर गोळी लक्ष्याच्या दीड मीटरहून जास्त वरून निघून जाईल.

यावर एक रास्त आक्षेप येतो: डोंगरावर थंडी असते, थंड हवा जड असते, मग उंचीचा फायदा थंडी खाऊन टाकत नाही का? थंड हवा दाट असते, हे बरोबरच आहे. दाब तोच राहिला आणि तापमान ३० अंशांवरून उणे २० अंशांवर उतरलं, तर घनता सुमारे २० टक्क्यांनी वाढते. पण वर गेल्यावर दाब तोच राहत नाही. पाच हजार मीटरवर तो जवळपास निम्मा होतो. उणे २० अंशांच्या थंडीतही तिथली हवा समुद्रकाठच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा तिसऱ्या हिश्शाहून अधिक विरळ असते. थंडी फायद्याचा काही भाग परत घेते, सगळा नाही.

दमट हवेबद्दलचा समज तर थेट उलटा आहे. कोकणात पावसाळ्याच्या तोंडावर हवा ‘जड’ वाटते ती घाम वाळत नाही म्हणून. पाण्याच्या वाफेचा रेणू हवेच्या सरासरी रेणूपेक्षा हलका असतो, त्यामुळे दमट हवा किंचित विरळच असते. ३० अंशांना हवा वाफेनं संपृक्त झाली तरी हा फरक दीड टक्क्याच्या आसपास राहतो. त्याहून कितीतरी मोठी चूक हवामानाच्या बातमीतला दाब जसाच्या तसा वापरल्यानं होते. तो आकडा समुद्रसपाटीला जुळवून सांगितलेला असतो. उंचावरच्या द्रासला बातमीत हजाराच्या घरातला आकडा दिसला, तरी नेमबाजाभोवतीचा खरा दाब ६८० हेक्टोपास्कलच्या आसपास असतो. उंची आणि जुळवलेला दाब दोन्ही हिशेबात घ्यावेत, किंवा जागेवर मोजलेला दाब एकटा. यांची सरमिसळ केली की सगळं गणित बिघडतं.

तापमानाचं दुसरं काम काडतुसाच्या आत चालतं आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष इथेच होतं. गार दारू सावकाश जळते, नळीतला दाब कमी राहतो आणि गोळी कमी वेगानं सुटते. अनेक प्रकारच्या दारूत दर अंशामागे सेकंदाला सुमारे अर्धा मीटर वेग घटतो. तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या दारूत त्याहून बराच कमी. ५० अंशांच्या फरकानं २५ मीटरचा वेग गेला, तर ८०० मीटरवर गोळी अर्धा मीटर तरी खाली लागते. इथे मोजायचं ते दारूचं तापमान. उन्हात ठेवलेलं, खिशात उबेला असलेलं आणि तापलेल्या नळीत दोन मिनिटं राहिलेलं काडतूस, तिन्ही एकाच हवेत वेगवेगळा वेग देतात.

मग नेमबाज स्वप्निल कुसाळेनं २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं त्या ५० मीटरच्या प्रकारातही हा हिशेब करावा लागतो का? पुणे आणि समुद्रकाठ यांच्या उंचीतला फरक तिथे मिलिमीटरभरही जाणवत नाही. लांब पल्ल्यावर मात्र वाराही या गणितात येतो. वाऱ्यानं गोळी किती सरकेल हे तिच्या एकूण उड्डाणकाळावर ठरत नाही. हवेमुळे तिला जेवढा उशीर होतो, तेवढ्यावर ठरतं. सेकंदाला तीन मीटर वेगाचा आडवा वारा ८०० मीटरवर गोळीला समुद्रसपाटीला सव्वा मीटरच्या आसपास ढकलतो, तर टायगर हिलच्या उंचीवर त्याच्या जवळपास निम्मंच. अर्थात उघड्या कड्यांवरचा वारा क्वचितच इतका मंद असतो आणि दरीच्या अल्याड-पल्याड त्याची दिशाही वेगळी असू शकते.