४१ किलोमीटर उंचीवरचे पाहुणे

पृथ्वीवरील जीवसृष्टीचा उगम पृथ्वीवरच झाला, की तिचे बीज अंतराळातून आले? हा प्रश्न केवळ तत्त्वचर्चेचा न राहता प्रयोगाच्या कसोटीला लागावा, यासाठी आग्रह धरणाऱ्यांत कोल्हापूरचे सुपुत्र डॉ. जयंत नारळीकर अग्रणी होते. त्यांचे गुरू फ्रेड हॉईल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांनी धूमकेतूंबरोबर सूक्ष्मजीव पृथ्वीवर येत असावेत, असा विचार मांडला होता. तो खरा असेल, तर वातावरणाच्या उंच थरांत असे जीव आढळावयास हवेत.

ही परीक्षा हैदराबाद येथे झाली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या केंद्रातून २००१ आणि २००५ साली प्रचंड फुगे आकाशात सोडण्यात आले. दुसऱ्या फुग्याखाली ४५९ किलो वजनाचा भार होता. त्यात ३८ किलो द्रवरूप निऑन होता. निर्जंतुक व निर्वात केलेल्या पोलादी नळ्या या निऑनमध्ये अतिशय थंड राखल्या होत्या. झडप उघडताच बाहेरची विरळ हवा आत ओढली जाऊन गोठत असे. २० ते ४१ किलोमीटर उंचीवर नमुने गोळा झाल्यावर हा भार हवाई छत्रीने खाली उतरला.

नमुन्यांची तपासणी हैदराबादच्या पेशी व रेणूजीवशास्त्र केंद्रात आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात स्वतंत्रपणे झाली. एकाने मांडलेला हिशेब दुसऱ्याने पडताळावा, तशीच ही व्यवस्था होती. जिवाणूंच्या १२ आणि बुरशीच्या ६ वसाहती मिळाल्या. त्यांपैकी तीन जिवाणू विज्ञानाला सर्वस्वी नवे ठरले. त्यांना हॉईल, इस्रो आणि आर्यभट यांची नावे देण्यात आली. अतिनील किरणांना तोंड देण्याची त्यांची शक्ती जवळच्या नातलग जातींपेक्षा लक्षणीय होती.

एवढ्यावरून ‘परग्रहावरचे जीव सापडले’ अशी द्वाही फिरविता आली असती. परंतु २००९ मध्ये निष्कर्ष जाहीर करताना इस्रोने स्पष्ट केले, की या जिवांचे मूळ पृथ्वीबाहेरचे असल्याचे यातून निर्णायकपणे सिद्ध होत नाही. हा संयम पुढे यथार्थ ठरला. आर्यभटाच्या नावाचा जिवाणू नंतर पृथ्वीवरील मातीत आणि वनस्पतींच्या मुळांभोवती अनेक ठिकाणी आढळला. म्हणजे तो वरून खाली आला, की खालून वर गेला, हा प्रश्न खुलाच राहिला.

मात्र सूक्ष्मजीव उघड्या अंतराळात तग धरू शकतात काय, याचे उत्तर जपानी शास्त्रज्ञांनी मिळविले. २०१५ पासून तीन वर्षे त्यांनी डायनोकॉकस जातीच्या जिवाणूंच्या वाळविलेल्या गोळ्या सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या बाहेर ठेविल्या. अतिशय पातळ थरातील जिवाणू मेले. परंतु अर्ध्या मिलिमीटरहून जाड गोळ्यांतील काही जिवाणू तीन वर्षांनंतरही जिवंत होते. बाहेरचे मृत जिवाणूच आतल्यांचे कवच बनले होते. शिवाय या जिवाणूजवळ आपल्या जनुकीय आराखड्याच्या एकाहून अधिक प्रती असतात. किरणांनी तुकडे झाले तरी पाणी व पोषण मिळताच तो एका प्रतीच्या आधारे दुसरी दुरुस्त करतो. गोळीत राहिला तो केवळ निद्रिस्त होता. वाढ आणि पुनरुत्पादन मात्र अनुकूल स्थिती मिळाल्यावरच सुरू होते.

या चिवटपणामुळे मानवावर एक जबाबदारी येते. सूक्ष्मजीव यानाच्या पृष्ठभागावर बसून मंगळापर्यंत पोहोचले, तर तेथे सापडलेला जीव मंगळाचा की पृथ्वीवरून गेलेला, हे ठरविणेच दुरापास्त होईल. म्हणूनच १९६७ च्या अंतराळ करारात इतर खगोलांचे हानिकारक दूषण टाळण्याचे बंधन घातले आहे, आणि १९७६ मध्ये मंगळावर उतरलेली व्हायकिंग याने उड्डाणापूर्वी उष्णतेने निर्जंतुक करण्यात आली होती.

परक्या जगात जीव शोधण्यापूर्वी आपल्यासोबत काय नेले, याची चोख नोंद ठेवणे भाग आहे. आरंभीची नोंदच चुकली, तर अखेरच्या शिलकेवर विश्वास कोण ठेवील?