नव्या संगणकात जुना एक्सपी

शाहूवाडीतल्या एखाद्या मंडळाच्या स्मरणिकेची वीस वर्षांपूर्वीची फाइल नव्या संगणकावर उघडली, की पडद्यावर बरेचदा अगम्य चिन्हांचा सडा पडतो. कारण मजकूर युनिकोडमध्ये नसतो. तो पुण्याच्या श्रीलिपी किंवा सी-डॅकच्या आयएसएम या सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला असतो.

यावर घरच्या घरी उपाय आहे: व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा आभासी संगणक! त्यात जुना विंडोज एक्सपी चालवता येतो.

त्यासाठी २००७ साली आलेलं व्हर्च्युअलबॉक्स हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. आधी संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय, म्हणजे इंटेलचं व्हीटी-एक्स किंवा एएमडीचं एसव्हीएम, सुरू करावी. एक्सपीला १ जीबी रॅम पुष्कळ झाली. मूळ सीडीवरून एक्सपी, जुनं सॉफ्टवेअर आणि फॉन्ट टाकले, की काना-मात्रा जागच्या जागी! सॉफ्टवेअरला यूएसबी लॉक (परवान्याची किल्ली) असेल, तर तो व्हर्च्युअलबॉक्सच्या ‘डिव्हायसेस’ मेनूतून जोडता येतो. लगेच ‘स्नॅपशॉट’ घ्यावा. काही बिघडलं तर पुन्हा तिथूनच सुरुवात.

एक्सपीचे सुरक्षा अपडेट एप्रिल २०१४ मध्ये थांबले, म्हणून या मशीनचं नेटवर्क बंदच ठेवावं.