अंत नसलेल्या खेळातील गोडी

जैन घरांत एके काळी पर्युषणाच्या दिवसांत ज्ञानबाजीचा पट मांडला जाई. बहुधा चौऱ्याऐंशी घरांचा तो पट. त्यावर सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि सर्वांत वर मोक्षाचे स्थान. खेळणारा कितीही वेळा घसरला तरी केव्हा ना केव्हा वर पोहोचे आणि खेळ संपे. बुद्धिबळातही राजा अडला की डाव मिटतो. खेळाला शेवट असतो हे जुन्या पिढीने इतके गृहीत धरलेले आहे की, शेवटच नसलेला खेळ कसा असेल, याची कल्पना तिला सहजासहजी येत नाही.

आज दुकानाचे शटर ओढून झाल्यावर तरुण मंडळी संगणकावर जे खेळ खेळतात, त्यांतील बरेच असे बिनशेवटाचे आहेत. देशोदेशीची हजारो माणसे एकाच वेळी त्यांत उतरतात. एक जण उठून गेला तरी खेळ चालूच राहतो. वडीलधाऱ्यांना त्यातले काही दिसत नाही. दिसते ती मुलाची पाठ आणि वाढत जाणारी रात्र. ‘यात मिळते काय?’ हा त्यांचा प्रश्न रास्त आहे. मात्र खुद्द खेळणाऱ्यांनाही वर्ष-दोन वर्षांनी हाच प्रश्न पडतो, हे त्यांना ठाऊक नसते. अंत नसलेल्या खेळात उमेद टिकवायची कशी आणि आनंदाचे ओझे होऊ न देता खेळायचे कसे, हा त्या खेळांपुढील खरा पेच आहे. व्यापारी घरांना तो चटकन उमगावा, कारण व्यापारालाही शेवटचे घर नसते.

या संदर्भात आइसलँडमधील एका खेळाचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे. ‘ईव्ह ऑनलाइन’ हा खेळ रेक्याविक येथील सीसीपी गेम्स या संस्थेने ६ मे २००३ रोजी सुरू केला आणि तो आजही चालू आहे. चीनमधील स्वतंत्र व्यवस्था वगळता जगभरचे सारे खेळाडू यात एकाच विश्वात वावरतात. सात हजारांहून अधिक सूर्यमालांच्या या काल्पनिक अवकाशात प्रत्येकाला आरंभी एक लहानसे यान मिळते. पुढे काय करायचे, हे कोणी सांगत नाही. खनिज काढावे, माल घडवावा, वाहतूक करावी, दलाली करावी, अज्ञात प्रदेश धुंडाळावेत की लढावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे.

व्यापाऱ्याचे लक्ष वेधून घेईल तो येथील बाजार. बहुतेक याने आणि त्यांची सामग्री खेळाडूंनीच काढलेल्या खनिजांतून खेळाडूच तयार करतात. भाव कोणी ठरवून देत नाही. खरेदी आणि विक्रीच्या नोंदी समोरासमोर लागतात व त्यांतून भाव ठरतो. नोंदीवर दलाली आणि विक्रीवर कर भरावा लागतो. घेतलेला माल आपोआप दुसऱ्या पेठेत जात नाही, तो वाहून न्यावा लागतो. वाहतूकदाराकडून तारण ठेवून माल सोपवण्याची सोय आहे. माल वाटेत लुटला गेला, तर तारण मालधन्याचे होते. मुंबईत कापडाला जशी मुळजी जेठा मार्केटची पेठ, तशी या विश्वात ‘जिटा’ नावाच्या सूर्यमालेची पेठ आहे. निर्मात्यांनी तिला मुख्य बाजारपेठ म्हणून नेमले नव्हते. गिऱ्हाईक जेथे, तेथे विक्रेता, आणि विक्रेता जेथे, तेथे गिऱ्हाईक, या जुन्या न्यायाने ती आपोआप वाढली. हा बाजार इतका खराखुरा झाला की २००७ साली संस्थेने डॉ. एयोल्फुर गुडमुंडसन या अर्थतज्ज्ञाची त्यावर देखरेखीसाठी नेमणूक केली. पुढे हेच गृहस्थ आइसलँडमधील आकुरेरी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

अशा खेळात प्रथम मन रमणे स्वाभाविकच आहे. पहिला नफा गोड लागतो. एका पेठेत स्वस्त मिळालेला माल दुसरीकडे चढ्या भावाने गेला की बुद्धी चालल्याचे समाधान मिळते. खेळातील कौशल्याचे शिक्षणही ठेवीवरच्या व्याजासारखे आहे. खेळाडू झोपलेला असतानाही ते घड्याळाच्या गतीने वाढत राहते. काही कौशल्यांची शेवटची पायरी गाठायला आठवडे लागतात, तर सर्वांत मोठी याने चालवण्याइतकी तयारी व्हायला वर्षे.

कंटाळ्याचे मूळही येथेच असते. ‘आयएसके’ या खेळातील चलनाचा आकडा वाढत जातो आणि त्याबरोबर खेळण्याचे कारण मात्र आक्रसत जाते. स्पर्धकाने भाव किंचित उतरवला म्हणून आपली नोंद बदलायची, तासाभराने पुन्हा पाहायचे, पुन्हा बदलायची. दिवसा दुकानात जे केले, तेच रात्री विनावेतन करायचे. कोट्यवधींचा आकडा जमतो. पण त्याचे करायचे काय, हे ठरलेले नसते. मग ‘मासिक वर्गणी भरली आहे, ती वसूल झाली पाहिजे’ एवढ्यासाठी माणूस बसतो. वाणिज्याचा विद्यार्थी याला बुडीत खर्चाचा मोह म्हणेल: गेलेला पैसा परत येत नाही, त्याच्यापायी वेळही जातो. नोव्हेंबर २०१६ पासून मर्यादित स्वरूपात हा खेळ विनामूल्यही खेळता येतो, तरीही सवयीचा हा फास सैल होत नाही. जुन्या खेळाडूंत एक थट्टा रूढ आहे: ज्याने हा खेळ सोडला, त्यानेच तो जिंकला. थट्टा असली तरी तिच्यातील थकवा खोटा नाही.

मग वीस वर्षांनंतरही उत्साहाने खेळणारी माणसे आहेत, ती कशाच्या बळावर? त्यांच्याकडे पाहिले की काही गोष्टी ध्यानात येतात.

पहिली ही की, त्यांचे उद्दिष्ट लहान, स्वतः निवडलेले आणि पूर्ण होणारे असते. ‘सर्वांत श्रीमंत व्हायचे’ हे उद्दिष्ट कधी पुरे होत नाही. ‘या महिन्यात अमुक यान स्वतः काढलेल्या खनिजातून बांधायचे’ हे पुरे होते, त्याचा आनंद होतो आणि मग थांबताही येते. शिवाय प्रत्येक कौशल्याच्या पायऱ्या पाचच आहेत. त्यामुळे नवखा खेळाडूसुद्धा एखाद्या छोट्या कामात जुन्याच्या बरोबरीला येऊ शकतो. सगळ्यांच्या पुढे जाण्याचा हट्ट सोडला की ही वाट दिसू लागते.

दुसरी गोष्ट सोबतीची. एकटा खेळणारा लवकर विटतो. मंडळी जमवून खेळणारा हरला तरी दुसऱ्या दिवशी येतो, कारण तेथे त्याची वाट पाहणारे कोणी असते. २००४ साली खेळाडूंनीच ‘ईव्ह युनिव्हर्सिटी’ नावाची मंडळी उभारली. नवख्यांना शिकवणे हेच तिचे काम. स्वतःसाठी मिळवण्यासारखे काही उरले नाही, अशा अनुभवी खेळाडूंना शिकवण्यात पुन्हा रस सापडतो. २०१६ पासून खेळातच विज्ञानाला मदत करण्याचीही सोय झाली. पेशींमधील प्रथिनांच्या प्रतिमांचे वर्गीकरण आणि पुढे दूरच्या ताऱ्यांभोवतीच्या ग्रहांचा शोध या कामांत खेळाडूंनी हातभार लावला. २०१४ साली रेक्याविकच्या बंदराजवळ उभारलेल्या स्मारकावर खेळाडूंची नावे कोरली गेली. तेथे कोणाच्या खात्यात किती शिल्लक होती, हे लिहिलेले नाही.

तिसरी गोष्ट नुकसानीची तयारी. या खेळात नष्ट झालेले यान परत मिळत नाही. म्हणून जे गमावणे परवडेल तेवढेच घेऊन बाहेर पडावे, हा तेथील पहिला धडा. सारी पुंजी एका यानात भरणाऱ्याचा खेळ एका रात्रीत कडू होतो. शहाण्या व्यापाऱ्याला हे वेगळे सांगायला नको.

विश्वास आणि शिस्त यांचीही येथे परीक्षा होते. २००९ साली खेळाडूंनी चालवलेल्या ‘ईबँक’ नावाच्या पेढीच्या प्रमुखाने ठेवीदारांचे सुमारे वीस हजार कोटी आयएसके काढून घेतले आणि खऱ्या पैशाला विकले. बातमी फुटताच ठेवी काढण्यासाठी झुंबड उडाली. निर्मात्यांनी त्याला खेळातून काढले, ते चोरीसाठी नव्हे, तर खेळातील चलन खऱ्या पैशाला विकल्यामुळे. फसवणूक खेळाच्या नियमांत बसत होती. जानेवारी २०१४ मध्ये एका सूर्यमालेच्या ताब्यापोटी भरायचे ठरावीक देणे वेळेवर भरले गेले नाही आणि त्यातून युद्ध पेटले. ते सुमारे एकवीस तास चालले. त्यात साडेसात हजारांहून अधिक पात्रे उतरली आणि ‘टायटन’ नावाची पंचाहत्तर प्रचंड याने नष्ट झाली. खऱ्या पैशात मोजल्यास हे नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात गेल्याचा अंदाज होता. हप्त्याची तारीख चुकवण्याची किंमत काल्पनिक जगातही मोजावी लागते.

येथे जैन वाचकाच्या मनात एक शंका उभी राहील, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य नाही. खेळातले यान खोटे, त्यातला माणूसही खोटा. मग हिंसा कोणाची झाली? सोमदेवसूरींनी दहाव्या शतकात रचलेल्या ‘यशस्तिलक चंपू’मधील यशोधर राजाची कथा या प्रश्नाशी नेमकी भिडते. आईच्या आग्रहास्तव त्याने जिवंत पशूऐवजी पिठाचा कोंबडा बळी दिला. प्राणी मेला नाही, परंतु मारण्याचा संकल्प मनात होता, आणि त्या संकल्पाची फळे मायलेकांना अनेक जन्म भोगावी लागली. शास्त्रकारांनी भावहिंसा द्रव्यहिंसेहून निराळी सांगितली, ती यासाठीच. फसवणुकीचेही तसेच. खेळाचा नियम तिला मोकळीक देतो, अचौर्य अणुव्रत देत नाही, कारण फसणारा माणूस पडद्यापलीकडे खराच असतो. शस्त्रसज्ज याने विकणारा दलाल ‘मी कुठे लढतो?’ म्हणून सुटत नाही, हेही प्रामाणिकपणे मान्य करावे लागेल. ज्याला खेळायचेच आहे, त्याने आपली भूमिका विचारपूर्वक निवडावी. खनिजकाम, वाहतूक, शोधमोहिमा, अध्यापन अशा भूमिका या विश्वात आहेत. दुसऱ्याचा नाश करून हर्ष होऊ लागला, तर तो खेळ आपल्यासाठी नाही, असे समजावे.

आणखी एक सीमारेषा पैशाची. सप्तव्यसनांत द्यूत पहिले गणले आहे. २०२५ साली भारतीय संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. ‘ईव्ह’सारखा खेळ त्या जातीचा नाही. मात्र खेळण्याचा कालावधी देणारी ‘प्लेक्स’ नावाची वस्तू खऱ्या पैशाने घेऊन ती खेळाच्या बाजारात विकता येते. आयएसके विकून पुन्हा खरे पैसे करणे मात्र नियमबाह्य आहे. म्हणजे खरा पैसा आत जातो, बाहेर येत नाही. करमणुकीवर किती खर्च करायचा, हे वर्षाच्या आरंभी ठरवून तेवढाच रोजमेळात मांडावा. हरलेले यान भरून काढण्यासाठी रात्री बारा वाजता कार्ड बाहेर काढू नये.

वास्तविक गोडी टिकवण्याची युक्ती श्रावकाच्या व्रतांत पूर्वीपासून आहे. परिग्रह परिमाण व्रत संपत्ती मिळवू नका असे सांगत नाही; आधी सीमा ठरवा, असे सांगते. खेळात ही सीमा तीन ठिकाणी घालता येते. आयएसकेचा एक आकडा ठरवावा. त्यापुढचे नवख्यांना वाटून टाकावे. वेळ ठरवावा, सामायिकाचे अठ्ठेचाळीस मिनिटांचे माप घरोघरी परिचित आहे, तेच खेळालाही लावावे आणि वेळ भरताच उठावे. वर्षातून काही काळ खेळ पूर्ण बंद ठेवावा. त्यासाठी चातुर्मासाइतका सोयीचा काळ दुसरा नाही. परतल्यावर खेळ पुन्हा हवासा वाटला तर आनंद शिल्लक आहे. नुसता हात चाळवत राहिला, तर ती सवय झाली आहे. निरर्थक व्यापारांपासून दूर ठेवणारे अनर्थदंड विरमण व्रत नेमके हाच भेद करायला शिकवते.

घरातील वडीलधाऱ्यांनीही एक करावे. ‘बंद कर’ म्हणण्यापूर्वी मुलाजवळ खुर्ची ओढून बसावे आणि आजचा भाव काय, माल कुठून आणला, वाहतुकीला तारण किती घेतले, हे त्याला विचारावे. उत्तर देताना त्याचा चेहरा उजळला तर तो खरोखर खेळत आहे. त्याला उत्तर सुचले नाही, नुसते ‘सहज’ म्हणून त्याने नजर चुकवली, तर खेळ केव्हाच संपलेला आहे आणि मुलगा केवळ बसून आहे. त्या रात्री रागावण्याऐवजी त्याला घेऊन बाहेर एक फेरी मारावी. बोलणे तेथूनही सुरू होऊ शकते.