मल्लखांबाची मान, मल्लाची मान

मल्लखांबाला मान असते. सगळ्यात वर बोंड, बोंडाखाली वीतभर बारीक मान आणि मानेपासून खाली रुंदावत जमिनीत गेलेलं अंग. शरीराचे शब्द लाकडाला लागले, कारण हा खांब मुळात पैलवानाचा जोडीदार म्हणून उभा राहिला. न दमणारा, न कुरकुरणारा, दिवसात कितीही वेळा झटलं तरी जागचा न हलणारा. त्याच्याशी झटून पकड पक्की करायची, कंबर सैल करायची, उलटं लटकलं तरी डोकं शांत ठेवायची सवय लावायची आणि मग मातीत उतरायचं.

माळव्यातल्या मराठी घरांना या खेळाबद्दल दूरच्या नातलगासारखी ओढ वाटते, आणि तिला कारणही आहे. राघोबादादा पळापळीत असताना त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्यात पवारांकडे आश्रय घेतला. तिथेच जानेवारी १७७५ मध्ये दुसऱ्या बाजीरावांचा जन्म झाला. पुढे याच बाजीरावांच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं. बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख आहे, पण आज आपण पाहतो तो खेळ बाळंभटदादांच्या परंपरेतला. मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये त्याला राज्य खेळाचा दर्जा दिला आणि उज्जैनचे प्रशिक्षक योगेश मालवीय यांना २०२० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

माळव्यातल्याच देवासचा धागा कुस्तीचा. कोल्हापूरच्या शाहू महाराजांची मुलगी अक्कासाहेब १९०८ मध्ये देवास थोरल्या पातीत सून म्हणून आली. खासबागचं मैदान बांधणाऱ्या राजाची ही लेक. तिचे चिरंजीव विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती झाले. म्हणजे खांबाची एक गोष्ट धारच्या किल्ल्यात सुरू होते आणि तांबड्या मातीच्या राजधानीला देवासने एक राजा दिला. या दोन्ही खेळांत सगळ्यात नाजूक जागा एकच आहे, ती म्हणजे मान. तिथे नेमकं काय होतं, ते शांतपणे समजून घेऊ.

कुस्तीत दुखापती रोजच्याच असतात. बोटं निखळतात, गुडघा फिरतो, कान मोडतो. कान मोडतो म्हणजे घासून आणि दाबून कानाच्या कूर्चेवरचं आवरण सुटतं आणि मधल्या पोकळीत रक्त साचतं. पहिल्या काही दिवसांत डॉक्टरांनी ते काढून दाब दिला तर कान पूर्ववत होतो. नाहीतर ते रक्त घट्ट होऊन कान कायमचा गोळा बनतो. मोडलेला कान पैलवान अभिमानाने मिरवतात, त्याला माझी हरकत नाही. मोडलेल्या कानाने माणूस जगतो. मानेची गंभीर दुखापत क्वचित होते, पण झाली तर पुढचं सगळं आयुष्य बदलतं.

मानेत सात मणके असतात. आपण सरळ उभे असतो तेव्हा ते सरळ रेषेत नसतात. पुढच्या बाजूला हलकी कमान घेऊन एकावर एक बसलेले असतात. ही कमान फार कामाची आहे. डोक्यावर अचानक भार आला की ती थोडी वाकते, भार स्नायूंत आणि अस्थिबंधांत वाटला जातो, मणक्यांना एकट्याने तो सोसावा लागत नाही. आता हनुवटी थोडी छातीकडे घ्या. साधारण तीस अंशांत कमान नाहीशी होते आणि मान सरळ खांब होते. अशा अवस्थेत टाळूवर आघात झाला तर वाटणी होत नाही. डोकं जमिनीवर थांबलेलं असतं, पण धड अजून खाली येत असतं. मधली मान त्या दोघांच्या कात्रीत सापडते. एखादा मणका चुरतो किंवा आपल्या जागेवरून सरकतो, बहुतेक वेळा खालच्या भागातला, पाचव्या-सहाव्याच्या आसपासचा.

यासाठी फार उंचावरून पडावं लागत नाही. प्रयोगशाळेतल्या अभ्यासांतून दिसलं आहे की डोकं सेकंदाला तीन मीटर, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास वेगाने आपटलं आणि धड मागून सरळ रेषेत आलं, तर मान मोडू शकते. अर्ध्या मीटरवरून पडणाऱ्या वस्तूलाही हा वेग मिळतो. कमरेइतक्या उंचीवर उचललेला पैलवान त्याहून वर असतो, शिवाय टाकणाऱ्याचं वजनही त्याच्या अंगावर येतं. मल्लखांब जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच. वरच्या टोकाला उलटा लटकलेला मुलगा दीड मीटरवरून निसटला तर खाली पोहोचेपर्यंत त्याचा वेग ताशी वीस किलोमीटरच्या जवळ जातो.

‘मान कमावलेली असेल तर काही होत नाही,’ असं तालमीत म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. हा सगळा आघात सेकंदाच्या पन्नासाव्या भागात उरकतो. स्नायूला धक्का कळून आवळायला त्याच्या दुपटी-तिपटीने वेळ लागतो. म्हणजे धक्का लागल्यावर जागा होणारा स्नायू उशिरा पोहोचतो. आधीपासून ताठ असलेला स्नायूच उपयोगी पडतो. आणि कमावलेल्या मानेचा खरा फायदा असा की ती डोकं खाली जाऊच देत नाही. डाव बसण्याआधी मान फिरवून खांदा पुढे करता येतो, पडणं टाळूवरून पाठीच्या वरच्या भागावर घेता येतं. जुने वस्ताद कुस्तीआधी मान वळवण्याचा व्यायाम करून घेत, रद्दे मारून मान तापवत आणि पडायला शिकवत, ते याचसाठी. पडायला शिकवणं आज घाईत मागे पडतं, याचं मला फार वाईट वाटतं.

दमलेली मान ही वेगळीच धोक्याची जागा. गुणांवरच्या कुस्तीत वेळ ठरलेली असते. जत्रेतली निकाली कुस्ती चितपट होईपर्यंत चालते. खडाखडीतच पंधरा मिनिटं जातात, उन्हाचा तडाखा असतो, ढोल वाजत असतो. विसाव्या मिनिटाला मल्ल ब्रिज करून, म्हणजे डोकं आणि पाय टेकून अंगाची कमान करून, पाठ मातीला लागू देत नाही, तेव्हा त्याच्या आणि समोरच्याच्या वजनाचा मोठा भार कपाळावर आणि मानेवर असतो. आंतरराष्ट्रीय कुस्तीचे नियम या क्षणाबद्दल कडक आहेत. ब्रिजमध्ये असलेल्या मल्लाला उचलून आपटता येत नाही, त्याचा ब्रिज डोक्याच्या दिशेने ढकलून मोडता येत नाही. हात आत न घेता नुसती मान पकडता येत नाही. दोन्ही हात काखेतून घालून मान दाबायची पकड, जिला आपल्याकडे हप्ते म्हणतात, ती लहान वयोगटांना मना आहे. जत्रेच्या आखाड्यात पंचाने हेच नियम पाळायला काय हरकत आहे? निकाल पाहायला आलेल्या गर्दीचा रेटा असतो, पण शिट्टी पंचाच्याच हातात असते.

नियम बदलल्याने फरक पडतो, हे दुसऱ्या देशात दिसलं आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये खेळाडू हेल्मेटच्या टाळूने समोरच्याला धडक देत. मान मोडून हातपाय लुळे पडण्याचे प्रसंग वाढले तेव्हा जोसेफ टॉर्ग या अस्थितज्ज्ञांनी त्या दुखापतींचा अभ्यास केला. डोकं वाकवून दिलेली धडक हेच कारण निघालं. १९७६ मध्ये तशा धडकेवर बंदी आली आणि पुढच्या काही वर्षांत असे अपघात झपाट्याने कमी झाले. खेळाडू तितकेच जोरकस होते. एक सवय बदलली.

मल्लखांबाने डोकं सांभाळण्याची सवय आपल्या शिकवण्याच्या क्रमातच बांधून ठेवली आहे, म्हणून मला तो खेळ शहाणा वाटतो. मुलाला आधी अढी शिकवतात. पाय खांबाभोवती आवळून, डोकं खाली, हात मोकळे. अढी पक्की झाल्याखेरीज वरची आसनं नाहीत, फिरक्या नाहीत, बोंडावरची उभी आसनं तर नाहीतच. अंगाला आणि खांबाला एरंडेल लावतात ते कातडी सोलू नये म्हणून, आणि जास्तीचं पुसतात ते पकड सुटू नये म्हणून. दोरीच्या मल्लखांबात दोरीला गाठ मारत नाहीत. दोरीचा वेढा आणि अंगाचं वजन यांवर पकड टिकते, आणि वेढा योग्य दिशेने उलगडला की खेळाडू मोकळा होतो. प्रत्येक पायरीला शिक्षक हाताच्या अंतरावर उभा असतो. स्पर्धा जवळ आली, आईवडील विचारू लागले की मग पायऱ्या गाळल्या जातात, आणि मुलं बहुधा तिथेच पडतात.

मुलांची मान मोठ्यांसारखी नसते. डोकं शरीराच्या मानाने जड, स्नायू कोवळे, अस्थिबंध सैल. त्यामुळे हाड न मोडताही आतला मज्जारज्जू ताणला जाऊ शकतो. एक्स-रे अगदी स्वच्छ येतो आणि मूल मात्र हाताला मुंग्या आल्याचं सांगत राहतं. अशा वेळी एक्स-रेपेक्षा मुलाचं खरं मानायचं आणि एमआरआयची सोय असलेल्या ठिकाणी न्यायचं.

मातीबद्दलही सांगायला हवं. तालमीतली माती रोज उकरलेली असते, तीत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मुरलेला असतो, पाय घोट्यापर्यंत रुततो. जत्रेसाठी आदल्या दिवशी नांगरलेल्या मैदानात वर दोन बोटं भुसभुशीत आणि खाली कडक जमीन असते. दुपारच्या उन्हात ती आणखी आवळते. कुस्ती लावण्याआधी यजमानांनी स्वतः गुडघे टेकून हात खुपसून पाहावं.

२०१८ च्या एप्रिलमध्ये कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळा तालुक्यातल्या एका गावच्या जत्रेत विशीतला एक मल्ल डावात डोक्यावर पडला. मान मोडली. दवाखान्यात काही दिवस झुंजून तो गेला. त्या कुस्तीचं चित्रण लाखो मोबाइलवर फिरलं. पडण्याचा क्षण सगळ्यांनी पाहिला. पण अशा पडण्यानंतरची पाच मिनिटं कशी जावीत, हे फारच थोड्यांना ठाऊक असतं.

गर्दी आखाड्यात शिरते. एक जण काखेत हात घालून उचलतो, दुसरा तोंडात पाणी ओततो, तिसरा मान बसवायला डोकं धरून ओढतो. सगळे त्या मुलावर जीव टाकणारेच असतात. पण सरकलेल्या मणक्याच्या कडेला मज्जारज्जू अजून शाबूत असू शकतो, आणि त्याला खरी इजा या ओढाताणीत होऊ शकते. मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीतून श्वासाच्या पडद्याकडे जाणारी नस निघते. तिथे रज्जू चिरडला तर श्वासच थांबतो.

म्हणून क्रम असा. पंचाने शिट्टी मारून गर्दी थांबवायची. एकाने मुलाच्या डोक्यापाशी गुडघ्यांवर बसायचं, कान न झाकता डोक्याच्या दोन्ही बाजूंना तळहात ठेवून डोकं जसं आहे तसं धरायचं. ओढायचं नाही, सरळ करायचं नाही. बोलत राहायचं, ‘हलू नकोस, मी धरलंय’ म्हणत राहायचं. विचारायचं, दोन्ही हातांत मुंग्या आहेत का, पाय जाणवतात का, माझं बोट दाबता येतं का. एकाच हातात विजेसारखी चमक येऊन काही मिनिटांत गेली तर बहुधा खांद्याकडची नस ताणलेली असते, तरी त्या दिवशी पुन्हा मातीत उतरायचं नाही. दोन्ही हातांत चमक, बधिरपणा, मानेच्या मधोमध दुखणं, यांतलं काहीही असेल तर मज्जारज्जूला इजा आहे असंच धरायचं. दुसऱ्याने तोवर १०८ ला फोन लावायचा आणि मानेची दुखापत आहे हे शब्द स्पष्ट सांगायचे.

श्वास चालू असेल तर मुलगा पालथा असला तरी हलवायचा नाही. श्वास नसेल तर मात्र थांबता येत नाही. चौघांनी, डोकं धरणाऱ्याच्या इशाऱ्यावर, डोकं, खांदे आणि कंबर एका रेषेत ठेवून एकदम उताणं वळवायचं. जबड्याचे कोन पुढे ढकलून श्वासमार्ग मोकळा करायचा, मान मागे वाकवायची नाही, आणि छाती दाबायला सुरुवात करायची. उचलून नेण्यासाठी सहा फुटी फळी आखाड्याच्या कडेला आधीच ठेवलेली असावी. तिचा खर्च फार नाही.

गाडी येते, लोक बाजूला होतात, स्ट्रेचर उतरतं, घाईघाईने प्रश्न विचारले जातात. या सगळ्यात डोकं धरून बसलेल्या माणसाला कुणी तरी ‘उठा आता’ म्हणतं. त्याने उठायचं नाही. गळ्याभोवती कॉलर बसून, डोक्याच्या दोन्ही बाजूंना आधार लागून, गाडीवरचा माणूस ‘सोडा’ म्हणेपर्यंत ते दोन हात तिथेच राहायला हवेत.