शेतातल्या सेन्सरची किल्ली

मैत्रिणींनो, बचत गटाच्या पेटीला तीन कुलपं, किल्ल्या तिघींकडे. एक किल्ली चोरीला गेली तरी पेटी उघडत नाही.

जमिनीची ओल मोजणारा सेन्सर आपला बिनतारी निरोप गुप्त आकड्याने कुलूपबंद करतो. तो आकडा म्हणजे त्याची किल्ली. पण सेन्सर रात्रंदिवस शेतात एकटा! कुणी उपटून नेला, तर आतली किल्ली काढता येते. सगळ्या सेन्सरना तीच असेल, तर चोर कुणाच्याही नावाने ‘ओल भरपूर आहे’ असं कळवेल. आपोआप चालणारी मोटार बंदच राहील, मिरची वाळेल.

लोरावॅन पद्धतीत प्रत्येक सेन्सरला १२८ बिटांची स्वतंत्र किल्ली देता येते. बसवणाऱ्याने घाईत सगळीकडे एकच भरली, तर काय उपयोग? संच घेतानाच विचारा, किल्ल्या वेगळ्या आहेत ना? आणि सेन्सर चोरीला गेला, तर त्याची किल्ली बाद कोण करणार?